साक्ष परत घेता येते

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मोबाइलवर एका बोटानं टाइप करते, त्यामुळे वेळ लागतो. आठवीत शाळा सुटली. आपल्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी नाना म्हणाले, "आबांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात मोठे मोठे लोक लिहून राहिले, तू पण लिही, तू त्यांच्या ओट्यावर शिकलेली." मी नको म्हटलं होतं. चार लोकांत माझं तोंड उघडत नाही. पण लिहिताना कोणी बघत नाही, म्हणून लिहिते.

आपले पाळक आदरणीय यशवंत आबा यांची आणि माझी पहिली ओळख चपलांजवळची. माझा लहान भाऊ शमू, त्याला फिट येतात. वडील नाहीत. माय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते, म्हणून शमूजवळ मी घरी राहिली आणि शाळा गेली ती गेलीच. रविवारी उपासनेत आम्ही दाराशी, चपला काढतात तिथं बसायचो. फिट आली तर त्याला लगेच बाहेर नेता यावं म्हणून. एकदा भर उपदेशात आली. सगळे वळून बघायला लागले. आबा बोलायचे थांबले, खाली आले, शमूला कुशीवर वळवलं आणि स्वतःची शाल घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवली. तो शांत झाल्यावर तिथंच जमिनीवर बसून त्यांनी उरलेला उपदेश केला. पुढच्या लोकांना मागं तोंड करून बसावं लागलं.

मग आबांनीच आम्हाला अमळनेरहून एसटीनं धुळ्याला नेलं, डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या.

तेव्हापासून मी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला जायला लागली. आबांची शिकवायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. ते कोणतंही वचन एकटं वाचू देत नाहीत. घरी ते अहिराणीच बोलतात. "वरनं वाच, खालनं बी वाच," म्हणायचे. मी पुटपुटत वाचायची. आतून अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, विचारायच्या, "पोर वाची राहिनी का मुंग्यासले सांगी राहिनी?" म्हणजे मी वाचते का मुंग्यांना सांगते.

आबा म्हणायचे, "मुंग्यासले बी कळू दे."

अक्का मागच्या साली गेल्या. साखरेच्या आजारानं आधी पाय गेला, मग त्या गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाहेरचे एक उपदेशक आले, मैदानात मंडप टाकून सभा घेतल्या. त्यांनी शास्त्रातली एकच ओळ घेतली आणि सांगितलं, ज्याचा विश्वास आहे त्याला औषधाच्या गोळीची गरज नाही. लोक गोळ्या नेऊन स्टेजवर ठेवायला लागले. आबा मागं खुर्चीवर बसलेले, ते उठले आणि म्हणाले, "भाऊ, त्या ओळीच्या वरचं वाचा. खालचं पण वाचा."

आपल्याच मंडळीतला एक जण बोलला, "आबा, तुमच्या प्रार्थनेनं अक्का उठल्या का?"

मी तिथंच होती. आबा म्हणाले, "नाही उठल्या. प्रार्थना केली, गोळ्या पण दिल्या, तरी गेल्या. मी रोज देवाला विचारतो. पण मला कळलं नाही, ते कळलं असं मी तुम्हाला कसं सांगू?"

लोकांना हे आवडलं नाही. आबांचा आत्मा थंड झाला म्हणाले. आता रविवारी आपल्याकडे निम्म्या चटया उलगडायच्या राहतात.

माझी माय पण त्या मंडपात गेली. शमूला खूप दिवस फिट आली नव्हती. गोळ्यांमुळे आली नव्हती, पण मायला वाटलं तो बरा झाला. तिनं त्याच्या गोळ्या स्टेजवर ठेवल्या आणि देवानं शमूला बरं केलं अशी माइकवर साक्ष दिली. माझी माय, जी दुकानात साखर मागताना पण हळू बोलते. पुढच्याच महिन्यात फिट परत आल्या. तरी ती आता गोळी देत नाही. आपल्यात उभं राहून दिलेली साक्ष म्हणजे देवासमोर दिलेली. गोळी दिली तर ती सगळ्यांसमोर खोटं बोलली असं होईल, नाहीतर तिचाच विश्वास कमी पडला असं लोक म्हणतील.

मी आबांना विचारलं, लपवून देऊ का, दुधात. आबा म्हणाले, "नको बेटा. मायसमोर देऊ." आम्ही गेलो. मायनं गोळ्या हातातून घेतल्या आणि गटारीत टाकल्या. त्या आठवड्यात शमू चुलीजवळ पडला, त्याचा हात भाजला. आबांनी त्याचा हात बघितला आणि ते आमच्या भिंतीला टेकून रडले. लपवून द्यायला पाहिजे होत्या का, मला अजून कळत नाही. आबांना पण कळत नाही, तसं ते स्वतः म्हणाले. हे गौरवाच्या पुस्तकात लिहावं का माहीत नाही, पण आबांबद्दल वरचं-खालचं सोडून कसं लिहू.

त्या रविवारी आबा उपदेशात म्हणाले, "एवढी वर्षं शिकवून माझी माणसं घाबरली तेव्हा दुसरीकडे पळाली. हे माझ्यात कमी पडलं." कोणाचं नाव घेतलं नाही. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी आमच्या दारी येतात. गुडघे दुखतात, तरी चालत येतात. धुळ्याहून आणलेल्या गोळ्या खिशात असतात. मायला म्हणतात, "साक्ष परत घेता येते, माय. मी तुझ्याबरोबर उभा राहीन."

माय म्हणते, "लोक हसतील, आबा."

"हसू देत. मला पण हसतील."

"आज नको."

"बरं. उद्या येतो."

माझी आशा आता संपत आली आहे. रात्री शमूचा श्वास ऐकत पडते. पण हे पुस्तक तुम्ही सगळे वाचणार, म्हणून तुम्हालाच विनंती आहे. माझी माय रविवारी पुढं येऊन उभी राहिली, तर कोणी हसू नका. आबांचा सत्कार शालीनं करा, हारानं करा, पण मला विचाराल तर असा करा. देव आबांना खूप आयुष्य देवो आणि गुडघे बरे ठेवो. आमची माय हो म्हणेपर्यंत तरी ते चालत येऊ शकोत.

आत्ताच शेजारची काकू सांगून गेली, तिच्या पिंकीचं, शाळेत माझ्या वर्गात होती तिचं, लग्न जमलं. मुलगा नशिराबादचा आहे.