बासष्ट किलोचा माणूस

गोंदियाजवळ, कुडव्याच्या पुढच्या एका राईस मिलमध्ये दुधराम बावीस वर्षे काट्यावर होता. शेतकऱ्यांचे धान मोजून घेणे हे त्याचे काम. कोणी वजनावर शंका काढली, की तो वाद घालत नसे. चपला काढून स्वतःच काट्यावर चढायचा.

"मी बासष्ट किलोचा. पाहून घे. काटा खोटा असता तर मी काऊन बासष्ट भरलो असतो?"

शेतकरी हसायचे आणि धानाचे कट्टे काट्यावर चढवायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी, मिल सुरू होण्याआधी, तो सहज चढला. काट्याच्या लाल आकड्यांनी अठ्ठावन्न दाखवले. उतरून पुन्हा चढला. अठ्ठावन्नच.

पोटात जळजळ पावसाळ्यापासूनच होती. दोन घास खाल्ले की पोट फुगायचे, आंबट पाणी घशाशी यायचे. आजवर त्याने दोष तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर ढकलला होता. आता थोरला भाऊ केवळराम आठवला. त्याची आधी भूक गेली, मग वजन, आणि सहा महिन्यांत तोही गेला. जठराचा कॅन्सर होता, हे फार उशिरा कळले.

दुधरामचे जेवण सुटले. आठवडाभराने काटा सत्तावन्नवर आला.

"पॅन्ट तर ढिली नाही झाली तुमची," बायको दुर्गा म्हणाली. "कायले जीव जाळून राहिले?"

"पॅन्टीले का समजते? काटा सांगून राहिला."

त्याच आठवड्यात दुर्गाचा भाऊ सुकराम ट्रॅक्टर भरून धान घेऊन आला. दोन कट्टे मोजून होताच त्याने हात वर केला.

"भाऊजी, घरून चाळीस-चाळीसचे भरून आणले. येथी साडेसदतीस काऊन?"

आवारातली माणसे थांबली. सुकराम हसत म्हणाला, "चढा ना तुमी, नेहमीसारखे."

दुधराम चढला नाही. आपला आजार साऱ्या गावाने लाल आकड्यांत वाचावा, हे त्याला सोसवणारे नव्हते. तो उखडला. "तुह्या घरचा मागून आणलेला काटा खरा, अन् माहा खोटा? पटत नसन तर ने परत!"

सुकरामने ट्रॅक्टरमधल्या सुट्या धानातून साठही कट्टे चाळीसचे भरून दिले. बहिणीच्या घरी चहालाही न जाता तो निघून गेला.

शेवटी दुर्गाने नवऱ्याला गोंदियाच्या डॉक्टरकडे नेले. दुर्बिणीच्या तपासणीआधी नर्सने वजन घेतले.

"एकसष्ट."

"सिस्टर, पुन्हा पाहा."

"एकसष्टच आहे, काका. उतरा."

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "आत सूज आहे, बाकी काही नाही. गोळी जेवणाआधी घ्या, वेळेवर जेवा, खर्रा सोडा." दुर्गाने हात जोडले.

ऑटोत दुधराम आकडे जुळवत होता. इथे एकसष्ट, तिथे सत्तावन्न. मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला हिशेबाला कागद लागला नाही. कट्ट्यामागे अडीच किलो. सुकरामचे साठ कट्टे.

"सुकरामले फोन लावतो," दुर्गा म्हणाली. "रिपोर्ट चांगला आला, सांगतो."

"नको."

दुसऱ्या दिवशी तो मिलमालक सेठसमोर उभा राहिला. "सेठजी, काट्यात फरक आहे."

सेठने पेपरातून मान वर केली. त्याला नवल वाटले नाही. "डॉक्टर ने क्या बोला?"

"काही नाही निघालं."

"अच्छा हुआ. तो काम पे लग." मग सेठने खिशातला काट्याचा छोटा रिमोट थोपटला. "और तू चढ़ता था, वो बंद काहे कर दिया? लोग तेरा ही वजन मानते हैं. चढ़ा कर. बासठ मैं दिखा दूँगा."

सुकरामच्या कट्ट्यांचे बोलणे दुधरामच्या मनातच राहिले. मग तो काट्यापाशी गेला.

अकराच्या सुमारास एका म्हाताऱ्याने शंका काढली. सेठ खिशात हात घालून ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. दुधरामने चपला काढल्या आणि चढला. लाल आकडे जरा थरथरले आणि बासष्टवर थांबले.

"बराबर आहे, बाबू," म्हातारा म्हणाला. "चढवा."

दुपारी गोळी खिशातच राहिली. दुर्गाने दिलेला डबा त्याने तसाच घरी परत नेला.