आबांचं खाचर आणि आमचं विद्यापीठ

आमच्या विद्यापीठातले निम्मे शास्त्रज्ञ ज्या एका माणसाच्या जिवावर डॉक्टर झाले, तो माणूस चौथी पास आहे आणि मुळशीतल्या भरे गावात माझा घरमालक आहे. हे मी उगाच म्हणत नाही, पुराव्यानिशी म्हणतो. वर्षभरात कोणत्या विभागानं किती शोधनिबंध छापून आणले, याचा अहवाल तयार करणं ही माझी विद्यापीठातली नोकरी. निबंध वाचायची अट नाही, फक्त मोजायचे. तरी शीर्षकं डोळ्यांखालून जातातच. एका वर्षी पिरंगुटजवळचं एक भातखाचर वनस्पतीशास्त्राच्या यादीत दिसलं, मग भूगर्भशास्त्राच्या, मग प्राणिशास्त्राच्या, आणि मी चपापलो. रोज सकाळी दात घासताना मी त्याच खाचराकडे तोंड करून उभा असतो.

खाचर आबांचं. विद्यापीठाला ते कसं सापडलं हे आता कुणालाच आठवत नाही. बहुधा कुणीतरी पहिल्यांदा विचारलं असावं आणि आबांनी नाही म्हटलं नसावं. एवढ्या भांडवलावर आमच्याकडे विभागच्या विभाग उभे राहतात. आबा प्रत्येक शास्त्राला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागवतात. भूगर्भवाले आले की स्वतः बांधावर जाऊन नकोसे दगड दाखवतात आणि "आजून दोन न्या की, लाजू नगा" असा आग्रह करतात. वनस्पतीवाले सुतळीचा चौकोन आखून त्यातलं गवत काडी काडी मोजतात, तेव्हा आबा लांबून बघत राहतात. "आमी बेणून उपटतो, ह्ये मोजत्यात," एकदा ते मला म्हणाले, "पर गवताला दोगांचाबी उपेग न्हाई." बेडूकवाल्यांवर मात्र त्यांचा विशेष लोभ, कारण ते बेडूक पकडतात, वजन करतात आणि परत सोडून देतात. असा निरुपद्रवी धंदा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. भौतिकशास्त्रानं तर थेट घराच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजायचं यंत्र बसवलं. शेजारीच काकू, म्हणजे आबांच्या कारभारीणबाई, उन्हाळ्यात वर्षाचे गहू पाखडतात. पुढच्या निबंधात मुळशीच्या हवेत एप्रिलमध्ये आढळणाऱ्या धुळीच्या अनाकलनीय वाढीवर चार पानं होती. काकूंना मी ती वाचून दाखवली. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुढच्या वर्षीही गहू तिथंच पाखडले.

छापून आलेला प्रत्येक निबंध आबा मागून घेतात आणि सातबाऱ्याच्या पेटीत ठेवतात. वाचक मी. रविवारी सकाळी पडवीत बसून मी एक निबंध मराठीत सांगायचा, आणि आबांनी डोळे मिटून ऐकायचं, असा आमचा रिवाज होता. अलीकडे ते म्हणायचे, "मधलं ऱ्हाऊ द्या सायेब, शेवटची वळ वाचा." शेवटची ओळ ठरलेली असायची: या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे. आबा आत वळून ओरडत, "म्हंजी परत येणार हायेत गं! च्याची पावडर आणून ठिव."

कुणालाही नाही न म्हणणाऱ्या या माणसाची अट मात्र एकच होती. शिवारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते एक प्रश्न विचारत, मग तो बेडूकवाला असो की दगडवाला. "माझ्या आंबेमोहराचा वास का गेला, तेवढं सांगा." हे बी त्यांच्या वडलांचं. सबंध गाव दुसऱ्या भाताकडे वळलं तरी आबांनी ते सोडलं नव्हतं. उत्पन्न निम्मं, वाऱ्यानं आडवं पडणार, कापताना कंबर मोडणार. सगळं सोसायचं ते वासासाठी. पूर्वी चुलीवर भात चढला की वेशीपर्यंत कळायचं, असं ते सांगत, आणि गेली काही वर्षं ताटात नाक घातलं तरी काही कळत नाही म्हणून हळहळत.

शास्त्रज्ञांनी प्रश्न मनावर घेतला. मातीवाल्यांनी दोष मातीला दिला, पाणीवाल्यांनी विहिरीला, सूक्ष्मजीववाल्यांनी त्यांनाच दिसणाऱ्या कुणाला तरी, आणि हवामानवाल्यांनी रात्रीच्या उकाड्याला. पहिल्या निबंधात 'एका स्थानिक शेतकऱ्याच्या निवेदनानुसार या भाताचा सुगंध कमी झाला आहे' असं होतं. दुसऱ्यात 'पूर्वीच्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे' असं आलं. सहाव्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं, 'मुळशीच्या आंबेमोहराचा सुगंध नष्ट झाला आहे हे सर्वज्ञात आहे.' सहाही निबंध मी अहवालात इमानेइतबारे मोजले आणि त्या वर्षी आमच्या कक्षाचं कौतुकही झालं.

गेल्या मे महिन्यात मात्र आबांनी निकाल लावला. कणगीतलं बी हातात घेऊन ते बराच वेळ बसले होते. "औंदा ह्ये पेरायचं न्हाई," ते म्हणाले. "वासच न्हाई तर कशापायी? बा असता तर त्यानंबी टाकलं असतं." बानं टाकलं नसतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. गावात दुसऱ्या कुणाकडे ते बी उरलेलं नाही. एक हंगाम चुकला असता तर ते कोंबड्यांपुढे गेलं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि सहा निबंध मोजलेल्या माणसाला असं वाटायचा हक्क आहे का, तेही कळेना.

त्याच आठवड्यात रसायनशास्त्रातली एक विद्यार्थिनी बाटल्या घेऊन आली. काकूंनी रिवाजाप्रमाणे तिला जेवायला बसवलं आणि भाताचं झाकण काढलं. "काकू, काय सुरेख वास आहे!" ती म्हणाली. मी जाणत्या माणसासारखा हसलो. हा गेलेलाच वास आहे, खरा याहून कितीतरी मोठा होता, असं मी तिला समजावलं. तीन वर्षं मी काकूंच्या हातचा तो भात रोज जेवत होतो आणि रोज हेच समजत होतो.

"कोण म्हणालं गेलाय?" तिनं विचारलं.

"सर्वज्ञात आहे," मी म्हणालो.

ती पसाभर तांदूळ घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. ज्यामुळे वास येतो ते द्रव्य तांदळात जसंच्या तसं आहे, काहीही कमी झालेलं नाही, असं तिनं सांगितलं. मग तिनं काकूंकडून हिंगाची डबी मागून घेतली, आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि ती त्यांच्या नाकाशी धरली.

आबांनी दीर्घ श्वास घेतला. "काय हाय ह्ये?"

काकू पुढे झाल्या. "अवो, हिंग हाय त्यो!" आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दूध करपलं तरी ह्ये गुमान पितात. पयलं भांडं फेकायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणूस गुणाचा झाला."

वयानं नाकाची जाण हळूहळू जाते, माणसाला कळतही नाही, असं मुलगी हळू आवाजात सांगत होती. सहा निबंधवाल्यांनी माती हुंगली, पाणी हुंगलं. भात मात्र कुणी हुंगला नाही, आणि मी तर तो हुंगूनही विश्वास निबंधांवर ठेवला. आबा डबी हातात फिरवत होते. आता हे रडतील असं मला वाटलं.

"म्हंजी बी नासल्यालं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. बी चांगलं आहे."

"मंग पेरायचं," आबा म्हणाले आणि भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायचा म्हणून पाला तोडायला विळा-कोयता घेऊन उठले.

मुलीला त्याचा निबंध काही करता आला नाही. काहीच बदललेलं नाही याला शोध म्हणत नाहीत, असं तिच्या सरांनी सांगितलं. त्यामुळे आमच्या विद्यापीठानं त्या खाचरात लावलेला एकमेव खरा शोध माझ्या अहवालात नाही.

नवा तांदूळ आता घरात आला आहे. शास्त्रज्ञ अजून येतात, दगड नेतात, बेडूक सोडतात. पण आबांनी प्रश्न बदलला आहे. परवा काकूंनी झाकण काढलं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगा, कसा येतोय?"

"आंब्याच्या मोहरासारखा," मी म्हणालो.

"त्ये नाव झालं. नाव मलाबी म्हाईत हाय. वास सांगा."

अहवालांची इतकी पानं लिहिलेला मी ताटावर वाकून भात हुंगू लागलो. वाफ वर येत होती आणि आबा वाट बघत होते.

"आबा, जेवण झालेलं असलं तरी परत पान मांडावंसं वाटतं," शेवटी मी म्हणालो.

आबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "तसाच यायचा."