निफाडच्या पैलवानाचे दात

"आधी घर सांग, मग भाव सांग!"

म्हातारी अशी ओरडली, की दुकानासमोरच्या द्वारका चौकातल्या ट्रकवाल्यांनी हॉर्नवरचे हात काढले असतील. उंदराला शेपटीला धरावं तसा तिनं तो दूध काढायचा पंप नळीला धरून उंच लटकवला होता. "कुणाच्या घरचा हाय ह्यो? त्या घरातलं पोर कसं हाय? आधी त्ये सांग."

आमचं दुकान जुन्या दवाखानी सामानाचं. व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या. जड ते नवरा विकायचा, ड्रॉवरमध्ये मावेल ते मी. ड्रॉवरमध्ये पंप असायचे. सुरुवातीला काचेच्या वाटीचे नि रबरी फुग्याचे हातपंप यायचे. दोन हजार सालानंतर कुणाच्या अमेरिकेतल्या नणंदेनं, कुणाच्या दुबईतल्या भावानं पाठवलेले मोटारीचे यायला लागले. पोर अंगावर नीट प्यायला लागलं की पंप आमच्याकडे. मी वाट्या उकळायचे, नळ्या नव्या घालायचे. इतकं उकळायचे, की शेजारचा चहावाला मला धंद्यातली भागीदार समजायचा.

म्हातारीचा प्रश्न मात्र वेडगळ नव्हता. आपल्याकडे बाळाला पहिलं कापड नवं घालतच नाहीत. जुनं लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि ज्या घरातलं पोर अंगानं भरलंय त्याच घरचं. जुन्याचं कुणाला वावडं नसतं, घराचं असतं. वॉकर घेणारा विचारतो, तुमचे ते आजोबा चालायला लागले का? पंप घेणारी विचारते, पोर कसं आहे?

त्यासाठी मी एक पोरगा तयारच ठेवला होता. निफाडचा पैलवान. जन्मला तेव्हा त्याच्या वजनानं दवाखान्याच्या काट्याची स्प्रिंग गेली. पाचवीला आत्याचं बोट असं धरलं, की साबण लावून सोडवावं लागलं. तिसऱ्या महिन्यात पोटभर पिऊन ढेकर दिला तर गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, ती थेट सिन्नरला सापडली. ड्रॉवरमधला प्रत्येक पंप ह्याच्याच आईचा. एका बाईला इतके पंप कशाला लागले, असं एकीनंही कधी विचारलं नाही. निफाड एवढ्यासाठी, की आमच्या दारावरूनच तिकडच्या गाड्या सुटायच्या. नाव तोंडात बसलेलं होतं.

त्या दिवशी घोटाळा एवढाच झाला, की पंपाची खरी आई दुकानातच बसलेली होती.

अर्ध्या तासापूर्वी ती भावाबरोबर आली होती. भर वैशाखात ओल्या बाळंतिणीसारखा कानांना घट्ट रुमाल, कानात कापूस, अंगात स्वेटर. भावानं पिशवी काउंटरवर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अकरा दिवसांचा होता." मग म्हणाला, "हिला माहेरी नेतोय, निफाडला. हे घरी नको म्हणते." एवढं सांगून तो काळी-पिवळी बघायला चौकात गेला. बसायला दुसरं काही रिकामं नव्हतं म्हणून मी तिला एका व्हीलचेअरवर बसवलं, पाणी दिलं. ती तांब्या मांडीवर धरून बसली. निफाड म्हटल्यावर मला माझा पैलवान आठवला; मी पिशवी उचलून वाट्या उकळायला घेतल्या.

आणि तेवढ्यात ही दिंडोरीची म्हातारी. सून सातव्यातच मोकळी झालेली. नातू दवाखान्यात काचेच्या पेटीत, त्याला ओढायची ताकद नाही. आईचं दूध काढून नळीनं पाजायचं, तर हातानं थेंब निघेना. डॉक्टरांनी सांगितलेलं, पंप आजच्या आज आणा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. माझ्या ड्रॉवरमध्ये दुसरा पंप नव्हता. हाच होता, पिशवीतून नुकता काढून मी वाट्या उकळून ठेवलेला.

मी व्हीलचेअरकडे पाठ केली आणि पैलवान सुरू केला. काट्याची स्प्रिंग, आत्याचं बोट, म्हैस. म्हैस जरा लवकर सिन्नरला पोचली त्या दिवशी.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. "ही पोर कोण?"

माझी जीभ, जी मेल्यावर वेगळी जाळावी लागेल असं माझी सासू म्हणायची, ती टाळूला चिकटली.

"निफाडची," मागून आवाज आला. "पंप माझा आहे."

"तुझा? मग पोर कसं हाय गं?"

मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

"दात येतायत त्याला," ती म्हणाली. "चावतो."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. चौकात एक ऊस भरलेला ट्रॅक्टर तेवढ्यात अख्खं वळण घेऊन गेला. मग म्हातारीनं पंप काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या हातानं दे मला."

ती उठली. तांब्या खाली ठेवला, पंप दोन्ही हातांनी उचलला आणि दिला. म्हातारीनं ओटी घेतात तसा तो पदरात घेतला. किमतीवरून हुज्जत घालेल वाटलं होतं, तर सांगितले तेवढे पैसे मोजून ठेवले. गेली. पाठोपाठ भाऊ आला, गाडी लागलीय म्हणाला. बहीण जाताना माझ्याकडे बघून थांबली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोलले नाही. मी.

आता ह्यापुढचं तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून ऐकू नका. माझ्यावर विश्वास ठेवून ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांच्या म्हशी अजून सापडलेल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा दुकानात राहायला आला.

दिसला नाही कधी. दुपारी जेवायला शटर अर्धं खाली ओढलं, की ती व्हीलचेअर ड्रॉवरकडे तोंड करून असायची. मी भिंतीकडे वळवून ठेवायचे. जेवून येईपर्यंत पुन्हा ड्रॉवरकडे. नवरा म्हणाला, फरशीला उतार आहे. असेल. बंद ड्रॉवरमधून मोटारीचा आवाज यायचा, घुर्र करून ओढायचा, थांबायचा, परत ओढायचा. नवरा म्हणाला, फ्रिज. आमच्या दुकानात फ्रिज नव्हता. गिऱ्हाईक आलं आणि मी पैलवानाची गोष्ट उघडली, की आत्याच्या बोटापर्यंत यायचे आणि तोंडून निघायचं, "दात येतायत त्याला." पुढं जमायचंच नाही. निम्मा उन्हाळा मी पंप मुक्यानं विकले. विकले कसले, बायका माझा चेहरा बघूनच परत जायच्या.

आणि खरी भीती ती नव्हती. भीती दिंडोरीची होती. एका गेलेल्या पोराला मी जितं करून दुसऱ्या पोराच्या पेटीशी पाठवलं होतं. ना नाव विचारलेलं, ना दवाखाना. मी मनातल्या मनात ते पोर वाढवत राहिले. आता पेटीतून बाहेर काढलं असेल. आता मान धरली असेल. आता पालथं पडलं असेल. ते एकेक पुढं सरकायचं, आणि माझा पैलवान तिथंच, दातांवर अडून. दिंडोरीकडचा माणूस दुकानात आला की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचे, न जाणो काही सांगायचा.

द्राक्षं तोडणीला आली तेव्हा म्हातारी आली. कडेवर पोर. बारकं, काळंसावळं, डोळे मोठे, म्हातारीचं बोट धरून चावत होतं. तिनं पिशवीतून पंप काढला, धुतलेला, फडक्यात बांधलेला. "झालं आमचं काम," म्हणाली. "आता अंगावर पितंय. दोन दात आलेत. सुनेला चावतंय." आणि द्राक्षांचं खोकं काउंटरवर सरकवलं.

मी पोराच्या तोंडात बोट घालून बघितलं. होते. खालचे दोन, तांदळाएवढे. पोरानं मला करकचून चावलं.

मग मात्र मला राहवेना. म्हटलं, "आजी, एक सांगते, मारायचं तर मारा. त्या दिवशी मी खोटं बोलले. पैलवान-बिलवान कुणी नव्हता. तीही खोटं बोलली. तिचं बाळ अकराव्या दिवशी गेलं होतं."

म्हातारीनं पोर ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"दात आलेल्या पोराची आई कान बांधून बसती का कुठं," ती म्हणाली. "आमच्या पोराला दूध पायजे होतं."