धक्क्याचं बटण

दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या अक्षदाला कोडिंग जमेल असं कॉलेजात कुणालाच वाटलं नव्हतं, खुद्द अक्षदालाही नाही. पहिल्या गेममधला चेंडू स्क्रीनबाहेर गेला तो गेलाच. दुसऱ्यात उडी मारलेला ससा खाली यायलाच तयार नाही! शेवटी आनंद सर म्हणाले, "अगं, तुझ्या रोजच्यातलं काहीतरी घे, मग सुचेल."

दिव्यात रोजचं काय असणार, पाणीटंचाई! अक्षदाने टँकर काढला, हंड्यांची रांग काढली आणि रांगेत एक बाई उभी केली. फुलाफुलांचा गाऊन, वर ओढणी, कमरेवर हंडा. हुबेहूब तिची आई, रतन. स्पेसबार दाबला की बाई पुढचीला कोपर मारून तिची जागा घेणार आणि ओरडणार, "ए, सरक ना बाजूला!" आवाजही पोरीने आईची नक्कल करून स्वतःच भरला. वर्ग हसून हसून लोळला. "काय बाई आहे यार, एक नंबर!" हर्षित म्हणाला. "कोण आहे ही?"

"आमच्या बिल्डिंगमधली एक," अक्षदाने खुशाल ठोकून दिलं. वर्षभर मागच्या बाकावर बसलेल्या पोरीला त्या दिवशी सगळे नावाने हाक मारत होते.

मग कॉलेजात मुलांच्या कामाचं प्रदर्शन लागलं. नको येऊस म्हणून तीनदा सांगितलं होतं, तरी रतन कामावरून अर्धी सुट्टी टाकून, इस्त्रीची साडी नेसून आलीच. "बसा ना ताई, खेळून बघा," सरांनी खुर्ची पुढे केली.

रतनने चष्मा लावला. स्वतःचा गाऊन कोण ओळखणार नाही? बाणाचं बटण दाबून तिने त्या बाईला रांगेच्या शेवटी नेलं आणि थांबली. वेळ संपला, टँकर निघून गेला.

"काकू, स्पेसबार दाबा! धक्का मारा!" हर्षित ओरडला.

"नको रे बाबा." ती पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. पुन्हा टँकर गेला. पोरं खिदळायला लागली.

"काकू, ही तुमच्याच बिल्डिंगमधली ना? ओळखता का?" हर्षितने विचारलं.

रतनने लेकीकडे एकदा बघितलं. "हो, ओळखते ना," ती म्हणाली. मग सरांना म्हणाली, "छान केलाय हो."

लाजेने अक्षदाचे कान तापले. आईने रांगेत कधी कुणाला बोटही लावलं नव्हतं. उलट शेजारच्या म्हाताऱ्या गोदूबाईंचा हंडा ती आपल्या आधी लावायची. तो धक्का पोरीने घातला होता, चार जण हसावेत म्हणून.

जिन्यात तिने आईला गाठलं. "आई, मी काढून टाकते तो धक्का. दोन ओळींचं काम आहे."

"गाऊनचं काही नाही गं, गाऊन माझाच आहे. पण धक्के मारताना तू मला कधी बघितलंस?"

"कधीच नाही," अक्षदा पुटपुटली.

"मारले असते ना," रतन पायऱ्या उतरत म्हणाली, "तर तुला रोज अर्ध्या बादलीत आंघोळ करावी लागली नसती."