मोळी डोंगर चढत नाही

तुमच्या आईवर कुणी खोटी कविता लिहिली आणि त्या कवितेच्या कौतुकाखाली तुमची सही मागितली, तर तुम्ही कराल?

माझ्याकडे मागितली. कशेळ्याजवळच्या एका फार्महाऊसच्या अंगणात, वीस-पंचवीस पाहुण्यांसमोर. मालक निवृत्त साहेब, हौशी कवी. आई त्यांच्याकडे भाकऱ्या भाजायची. मी कर्जतला शिकत होते, वाडीच्या हक्कांची पत्रकं वाटायचे आणि साहेबांच्या कविता टाइप करून द्यायचे. आता पुस्तक निघणार होतं आणि मागच्या पानावर त्यांना आमच्या वाडीतल्या मुलीचा अभिप्राय हवा होता.

तो त्यांनीच लिहून ठेवला होता. "या कवितांत मला माझी आई भेटली." खाली माझं नाव. फक्त सही राहिली होती.

आधी त्यांनी कविता वाचली. डोक्यावर मोळी घेऊन वाडीतली बाई पहाटे गात गात डोंगर चढते. पाहुण्यांची वाहवा. मी पाणी न्यायला आत गेले, तर आई चुलीपाशी हसत होती.

"मोळी घेऊन डोंगर कोण चढतं गं? लाकूड वरनं खाली येतं."

"आणि गाणं?"

"मान मोडायची येळ, गानं कुटलं! पन तू काय बोलू नको. जाऊ दे."

बाहेर साहेबांनी पेन पुढे केलं. "प्रामाणिक अभिप्राय हं!" सगळे हसले.

मी म्हणाले, "सर, मोळी डोंगर उतरते. चढताना बाई रिकामी असते. आणि ओझ्याखाली कुणी गात नाही, श्वास पुरत नाही. तुम्ही माझ्या आईला पाहिलंच नाही."

"तुझ्या आईला अमर केलं मी. आणि तू चुका काढतेस? पत्रकं वाटून कविता कळत नसते, बाळ."

बाळ. मी तेवीस वर्षांची होते.

पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, कल्पना असते ती. कर सही."

मला लाज वाटली. माझीच. ती कविता मीच टाइप केली होती. चूक तेव्हाच दिसली होती. आईचं काम जाईल म्हणून गप्प बसले होते.

मी तो अभिप्राय खोडला. खाली लिहिलं, "या कवितांत माझी आई नाही." मग सही केली.

"उद्यापासून आईला पाठवू नकोस," साहेब म्हणाले.

आई दारात उभी होती. पिठाचे हात तिने पदराला पुसले.

"उद्यापासून कशाला, सायेब? पीठ मळलेलं हाय. आता तुमीच थापा."

कशेळ्यापर्यंत आम्ही चालत आलो. आई माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. बोलले मी, काम तिचं गेलं. हे मी विसरत नाही. तरी ती सही मी पुन्हा तशीच करीन.

आणि पत्रकांचं म्हणाल, तर आमच्या वाडीत पत्रक छापायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवतात. एखादी म्हातारी "असं नाय" म्हणाली, की ती ओळ जाते. तुम्हीही लिहीत असाल. ज्यांच्यावर लिहिलंत, त्यांच्या दारी जा. खाली बसा. वाचून दाखवा. त्यांनी "नाय" म्हटलं, तर त्यांच्यादेखत खोडा.