डोळ्याला लावलेलं इष्टलिंग

धाकटी बहीण आठ वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात तिच्या डोळ्यांची चौकशी कुणी केली नाही. ती बोलत नसे, कुणाच्या तोंडाकडे बघत नसे, दिवसभर भिंतीला खांदा घाशीत फिरे. आज त्याला ऑटिझम म्हणतात. सत्तरच्या दशकात भवानी पेठेत त्याला एकच शब्द होता, येडी.

फक्त सकाळच्या पूजेत ती एका जागी शांत बसे. आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघायचं असतं. ही मान वाकडी करून ते पार डोळ्याच्या कोपऱ्याला भिडवायची. आत्या गहिवरायची, शेजारणींना बोलावून दाखवायची. “लई पुण्यवान जीव हाय. देव डोळ्याला लावती की!” मला चीड यायची, कारण हीच पोर दारातल्या बादलीला रोज धडकायची. मी आईला म्हणाले, “हिला दिसत न्हाय.”

“तसं बोलू नगं,” आई म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

मग पोर पेटत्या शेगडीवर पाय देता देता वाचली, आणि आई कुणाला न विचारता आम्हा दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं नुसता आकांत. बहीण बॅटरी बघितली की किंचाळे, अक्षरांच्या तक्त्याकडे ढुंकूनही बघेना. “ही सांगणार नाही, मला कळणार नाही,” म्हणत डॉक्टर उठले. मी दारात आडवी उभी राहिले. आईने पोरीच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. चपला घातलेल्या लोकांत, दवाखान्याच्या बाकावर! पोर गप्प झाली. तेवढ्यात डॉक्टरांनी उजेड फिरवून डोळे तपासले. “वीतभर अंतरापलीकडे हिला काही दिसत नाही,” ते म्हणाले.

चष्मा जाड होता. काड्या कानाला टोचत म्हणून ती तो भिरकावून द्यायची, आणि आई काड्यांना जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून पुन्हा घालायची. टिकतो की नाही, या धाकधुकीत माझं शाळेत लक्ष लागेना.

एका सकाळी ती चष्म्यासकट पूजेला बसली. लिंग छातीपाशीच धरलं, क्षणभर बघितलं, खाली ठेवलं आणि उठून खिडकीशी गेली. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या, त्या बघत राहिली. आत्या रडायला लागली. “गेली गं भक्ती! चष्म्यानं घात केला.”

आयुष्यात कधी नणंदेला उलट न बोललेली आई म्हणाली, “भक्ती न्हवती ती, वन्सं. आंधळी हुती माझी लेक, आन् आपण कवतिक करत बसलो.”