ड्रॉवरमधला हॉर्न

भूतबित, करणी, बाहेरची बाधा... असलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही म्हणा, म्हणूनच जास्त चिडचिड होते.

मी साइट सुपरवायझर, मूळचा शिरूर अनंतपाळचा. गेल्या वर्षी नांदेडला विष्णुपुरीजवळ आमचं रस्त्याचं काम चालू होतं. लोडरचा रिव्हर्स हॉर्न दिवसभर टीं-टीं करायचा, फोनवर अक्षर ऐकू येत नसे. वैतागून मीच शंकर ऑपरेटरला तो काढायला लावला आणि साइट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला. आम्हा दोघांशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

आठ दिवसांनी लोडर मागे येताना मारोती नावाच्या मजुराच्या पायावरून गेला. तो खडी पसरत होता, पाठ मशीनकडे. उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं — हॉर्न चालू होता, कामगाराचं लक्ष नव्हतं. मारोती दवाखान्यातून सगळ्यांना सांगत होता की हॉर्न वाजलाच नाही.

चौकशीचे अधिकारी यायचे होते त्या सकाळी ठेकेदाराने लोडरची पूजा केली. हार घातला, लिंबू बांधलं, चाकापाशी नारळ फोडला. मारोतीला भेटायला मात्र या गड्याला सवड नव्हती. अधिकारी आले नि म्हणाले, रिव्हर्स घेऊन दाखवा. शंकरने माझ्याकडे पाहिलं. आता संपलो, असं वाटलं.

शंकरने रिव्हर्स टाकला आणि हॉर्न वाजला. भर उन्हात, वीस माणसांसमोर. अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं आणि गेले.

मी धावत ऑफिसात आलो. हॉर्न ड्रॉवरमध्येच होता — वायर तुटलेली, वर धूळ. शंकर मागोमाग आला.

"सायेब, मशीनला हॉर्न न्हाई. म्या आत्ताच बघून आलो."

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलाच नाही.

लोकांच्या गोष्टीतलं भूत गरिबाच्या बाजूने उभं राहतं. आमचं मात्र ठेकेदाराच्या बाजूचं निघालं. ठेकेदाराच्या, आणि माझ्या.

पुढच्या आठवड्यात मारोतीकडे गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तो भांडला नाही, की ओरडला नाही. रिकाम्या चादरीवरून हात फिरवत म्हणाला, "समदे म्हंतेत, हॉर्न वाजला. तुमीच सांगा सायेब, त्या दिशी वाजला व्हता का?"

"वाजला होता," मी म्हणालो.

मशीनला नसलेला हॉर्न कसा वाजला, मला अजून कळलेलं नाही. मारोती मात्र आता भेटेल त्याला सांगतो — चूक माझीच, माझंच ध्यान नव्हतं.